चलानची लिंक उजव्या टोकाकडून वाचा

'तुमच्या गाडीवर दंड थकला आहे, आजच भरा' असा मेसेज पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला आला, की तो खराच वाटतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला चाक झेब्रा पट्ट्यावर गेलं होतं का, ही शंका मनात असतेच. शिवाय खरं चलानही मोबाइलवरच येतं. त्यात गाडीचा नंबर बरोबर असला, तर बोट लिंकवर पडायला कितीसा वेळ लागतो?

नेमकं तिथेच थांबा आणि लिंकचा पत्ता वाचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, ती शोधा. रेघ नसेल तर पत्त्याचं शेवटचं टोक धरा. तिथून डावीकडे वाचत या. वेबसाइट कुणाची, हे याच टोकाला कळतं. त्याच्या डावीकडे मालक मनाला येईल ते नाव जोडू शकतो. महाराष्ट्राच्या ई-चलानचा पत्ता 'महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन' असा आहे, आणि 'गव्ह डॉट इन' हे टोक फक्त सरकारी संस्थांना मिळतं. पण समजा, त्यापुढेच 'डॉट दंडभरा डॉट टॉप' चिकटवलेलं असेल, तर ती साइट 'दंडभरा डॉट टॉप'वाल्याची. आधीचं सगळं सरकारी नाव निव्वळ सजावट!

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर तर मुळीच विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकणार नाही, एवढंच ते सांगतं. ती पोचते कुणाकडे, याबद्दल काहीच नाही. भामट्यांनाही ते फुकटात मिळतं. म्हणून तर गूगलनं २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरच्या क्रोममधून ते चिन्ह हटवलं.

व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल आली, तर धोका आणखी मोठा. हे ॲप इन्स्टॉल करून उघडलं, की एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. एकदा 'अलाउ' केलं, की बँकेचा ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही. ॲप तो वाचून परस्पर पुढे पाठवतं. दंड दाखवायला तुमचे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारायला शिकवा. आजीआजोबांना तर आधी.

इन्स्टॉल झालंच असेल, तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर तेव्हाच फिरवा. चोरलेली रक्कम काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवली जाते. ती मधल्या खात्यात असतानाच गोठवता आली तर परत मिळण्याची आशा असते.