माजघरामागच्या खोलीतून लेबर रूमपर्यंत

वहिनीला सातवा लागला आणि घरात 'नॅचरल डिलिव्हरी' हा शब्द दिवसातून दहादा ऐकू यायला लागला. आजी म्हणाली, म्हणजे काय गो, दुसरी कसली असते? तिचा प्रश्न बरोबरच आहे, कारण तिची पहिली दोन बाळंतपणं गोव्यात डिचोलीकडे घरीच झाली, माजघरामागच्या काळोख्या खोलीत. वयजीण, म्हणजे सुईण, कळा सुरू झाल्यावर यायची, पहिलटकरणीला चालवायची, वाशाला बांधलेली दोरी धरून उकिडवं बसवायची, आणि सोबत एकदोन बायका कंबर चोळायला असायच्याच.

पण म्हणून ते दिवस सोन्याचे होते असं कोणी सांगू नये. रक्तस्राव थांबला नाही तर वयजिणीच्या हातात काही नव्हतं, नाळ कापायला मिळेल ते हत्यार, त्यातून धनुर्वात व्हायचा. सटवी सहाव्या रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात, कितीतरी बाळं त्या रात्रीपर्यंत पोचायचीच नाहीत.

हॉस्पिटल नव्हतं असं नाही हं. पणजीत पोर्तुगीजांनी १८४२ मध्येच मेडिकल स्कूल काढलं होतं, तेच १९६१ च्या मुक्तीनंतर गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पुढे बांबोळीला गेलं (पणजीतल्या जुन्या जागेत आता इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलची गर्दी असते). पण गावातून, त्यात नदीवर पूल नसताना, कळा सुरू झालेल्या बाईला कुठे नेणार! मुक्तीनंतर रस्ते, आरोग्य केंद्रं झाली आणि बाळंतपण हळूहळू घरातून बाहेर पडलं. आज गोव्यात ९९ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यातच होतात.

बाया वाचल्या, हे मोठं काम झालंच. पण बाळंतपण दवाखान्यात गेलं तेव्हा तिथल्या सोयीची रीतही गळ्यात पडली. उताणं झोपायचं, पाय वर टांगायचे. त्या पोझिशनला लिथोटॉमी म्हणतात आणि हे नाव मूळचं मूतखडा काढायच्या ऑपरेशनचं आहे, यातच सगळं आलं. डॉक्टरला नीट दिसतं खरं, पण बाळाला खाली उतरायला वजनाची जी मदत होते ती जाते. मग एनिमा, सरसकट टाके (बाळाची वाट मोठी करायला चीर द्यायची आणि मग शिवायची), आणि सोबतीची बाई दाराबाहेर. आईने मला जन्म दिला तेव्हा आजी रात्रभर कॉरिडॉरच्या बाकावर, मधे फक्त एक दार, आणि आत कोणी नुसता हात धरायलाही नाही.

'नॅचरल'ची चळवळ या रीतीविरुद्धच उठली, तिकडे युरोपात. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३३ मध्ये मांडलं की भीतीने अंग आखडतं आणि आखडल्याने दुखणं वाढतं, म्हणून बाईला आधीच सगळं समजावून सांगा. फ्रान्सचा फर्नांड लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन श्वासाची तयारी बघून आला आणि पॅरिसमध्ये धातूकामगारांच्या क्लिनिकमध्ये ती शिकवायला लागला. वहिनी आता जिथे हू-हू करत श्वास सोडायला शिकते तो क्लास फिरून फिरून तिथूनच आलाय.

दुसरी भानगड घड्याळाची. १९५० च्या दशकात फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरने बायकांची प्रगती ग्राफवर काढली, आणि तासाला एक सेंटीमीटर पिशवीचं तोंड उघडलं पाहिजे हा हिशोब लेबर रूममध्ये रुजला, मागे पडली की सलाईनमधून कळांचं औषध, नाहीतर सिझर. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये सांगितलं की हा वेग सगळ्यांना लागू नाही, आई आणि बाळ ठीक असेल तर थांबा, चालू द्या, हवं तसं बसू द्या, टाके सरसकट नकोत, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या. आपल्याकडे सरकारी लेबर रूमसाठी डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही सोबतीचं माणूस आहे. पण कागद एक आणि वॉर्ड एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत गोव्यात दर दहापैकी जवळजवळ चार बाळंतपणं सिझरची निघाली. त्यातली काही जीव वाचवणारी असणारच, सगळीच तशी असतील हे मात्र मला पटत नाही.

वहिनीने पुढच्या व्हिजिटला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून फाईलला टाचलेत: आत सोबत कोणाला घेणार, कळांमध्ये चालू देणार का, टाके सगळ्यांनाच की गरज असेल तरच. खाली दादाने चौथा लिहिलाय, रात्री गाडी कुठे लावायची.