घाटात न तुटणारा इंटरनेट रेडिओ

इंटरनेट रेडिओ घरात सुरळीत चालतो आणि घाट लागला की अडखळतो. फोनने साठवलेले काही सेकंद संपतात, दरीत टॉवर नसतो, मग शांतता. उपाय जुनाच: आदल्या रात्री कार्यक्रम टेप करून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि गाडीच्या स्टिरिओवर लावायचा.

फक्त 'टेप' म्हणताना आवाज पुन्हा टिपायचा नाही. स्टेशनचा सर्व्हर पाठवतो तो आवाज मुळातच एमपी३ किंवा एएसी स्वरूपात दाबलेला, म्हणजे आकाराने लहान केलेला असतो. तो जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवायचा. स्पीकरवर वाजवून तो पुन्हा दाबला, तर दर्जा आणखी घसरतो, शिवाय मध्येच आलेल्या मेसेजची टिंगसुद्धा टेप होते.

साध्या एमपी३ प्रवाहासाठी संगणकावरचा व्हीएलसी हा मोफत प्लेअर पुरतो. 'मीडिया' मेनूतल्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये स्टेशनचा पत्ता टाका, 'प्ले'शेजारच्या बाणातून 'कन्व्हर्ट' निवडा आणि 'डम्प रॉ इनपुट'वर खूण करा. पत्ता एम३यू८ने संपत असेल, तर आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. ते जोडायला एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर बरं. त्यात कोडेक (आवाज दाबायची पद्धत) 'कॉपी', म्हणजे जसाच्या तसा, आणि कालावधी ३६०० सेकंद दिला की तासाभराची फाइल आपोआप बंद होते.

प्रवाहाचा वेग १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) असेल, तर सेकंदाला १६ हजार बाइट, तासाला साधारण ५८ एमबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेपाचशेच्या आसपास तास मावतात. जागेची काटकसर करण्यात अर्थ नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना थेट एम४ए फाइल (एएसी आवाज ठेवायचा फाइलप्रकार) बनवू नका. तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की सगळी फाइल वाया. एमपी३ची गोष्ट वेगळी. तिथे सुमारे २६ मिलिसेकंदांची एकेक चौकट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, स्वतःची ओळख सोबत घेऊन येते, त्यामुळे अर्धवट फाइलही वाजते. एएसी प्रवाह आधी तसाच उतरवा, एम४ए नंतर करा, कारण बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ नुसती एएसी फाइल ओळखत नाहीत.

नेट तुटून पुन्हा जोडलं की निवेदकाचं एखादं वाक्य दोनदा ऐकू येतं. नव्या श्रोत्याचं वाजणं लगेच सुरू व्हावं म्हणून सर्व्हर आधीचा थोडा साठा एकदम पाठवतो. आइसकास्ट या रेडिओ प्रसारणाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरवर तो मुळात ६४ केबी ठेवलेला असतो, म्हणजे १२८ केबीपीएसला चार सेकंद. ठरावीक अंतराने 'चिक्' असा आवाज आला तर कारण निराळं: गाण्यांची नावं प्रवाहातच मिसळून येतात आणि रेकॉर्डरने ती गाळलेली नाहीत.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस ही फॉरमॅटची दुसरी पद्धत अनेक स्टिरिओ वाचतच नाहीत. तासाची फाइल पंधरा-पंधरा मिनिटांत तोडा, कारण गाडी बंद-चालू केल्यावर काही स्टिरिओ फाइल पहिल्यापासून लावतात. नावं इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे. देवनागरी नावांचे पुष्कळदा चौकोन दिसतात. काही स्टिरिओ नावं न बघता कॉपी केल्याच्या क्रमानेच वाजवतात, म्हणून फाइली एकेक करून, क्रमाने टाका.

परदेशी स्टेशनला टायमर लावताना घड्याळ सांभाळा. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे सरकतं, भारत सरकत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला लागणारा कार्यक्रम त्या दिवसापासून साडेनवालाच सुरू होतो आणि जुन्या वेळेवर ठेवलेला टायमर त्याच्या पुढचाच कार्यक्रम टेप करत बसतो.