आयएल-६ वाढलं म्हणजे चांगलं की वाईट? व्यायामाचं वेगळं, फॅटचं वेगळं

इंटरल्यूकिन-६ उर्फ आयएल-६, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्यातलं एक प्रथिन, हे सूज वाढवणारं म्हणून बदनाम आहे, आणि तेच आयएल-६ व्यायाम करताना स्नायू स्वतः बनवून रक्तात सोडतात म्हणून त्याचं कौतुकही होतं, मग माणूस गोंधळणारच ना. रेणू तोच आहे बरं का. पेशीला तो बनवायची ऑर्डर कुठून आली, सगळा खेळ तिथे आहे.

आधी व्यायामाचं. २००० साली कोपनहेगनमधल्या पेडरसन यांच्या टीमने लोकांना ५ तास एकाच पायाने व्यायाम करायला लावला आणि पायात जाणारं आणि पायातून परत येणारं रक्त तपासलं, तर आयएल-६ राबणाऱ्या पायातूनच येत होतं, आराम करणाऱ्या पायातून नाही. स्नायूंच्या अशा संप्रेरकांना पुढे मायोकाइन हे नाव पडलं. इथे ऑर्डर देतात आकुंचनाच्या वेळी सुटणारं कॅल्शियम आणि संपत आलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, म्हणून खूप वेळ चालणाऱ्या व्यायामात आयएल-६ अगदी १०० पटीपर्यंत चढू शकतं आणि मध्येच ग्लुकोजचं ड्रिंक घेतलं तर तेवढं चढत नाही. पाठोपाठ सूज आवरणारं आयएल-१० हे दुसरं निरोप्या प्रथिन येतं, आणि व्यायाम थांबला की काही तासांत सगळं खाली.

आता फॅट. लॅबमध्ये स्नायूपेशींवर पामिटेट, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड, टाकलं तरी आयएल-६ वाढतं, पण रस्ता एनएफ-कप्पा-बी या पेशीतल्या स्विचचा, म्हणजे सरळ सुजेचाच. पेशीत डायग्लिसराइड आणि सेरामाइड हे त्रासदायक फॅटचे प्रकार साचतात, इन्सुलिनचं ऐकणं कमी होतं, आणि पीजीसी-१-अल्फा हे प्रथिन, जे व्यायामाने वाढतं आणि ज्याच्यामुळे आयरिसिन हे आणखी एक मायोकाइन बनतं, ते इथे उलट घटतं. ओलिएट, म्हणजे मोनोअनसॅच्युरेटेड, टाकलं तर असं होत नाही, उलट ते पामिटेटला ट्रायग्लिसराइडच्या रूपात बाजूला साठवून ठेवायला मदत करतं. त्यामुळे ‘फॅट स्नायूला वाईट’ असं सरसकट म्हणणं मला तरी पटत नाही, कुठलं फॅट आणि ते कुठल्या रूपात पडून आहे हे बघायला हवं. एन्ड्युरन्स अ‍ॅथलीटच्या स्नायूत ट्रायग्लिसराइड भरपूर असतं, तरी इन्सुलिन झकास काम करतं. अर्थात डिशमधल्या पेशींवर ओतलेलं पामिटेट म्हणजे काही आपलं जेवण नाही, हेही लक्षात ठेवा.

मग आयएल-६ बंदच करून टाकलं तर बरं, असं वाटत असेल तर तेही करून झालंय. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकलिंग करायला लावलं, त्यातल्या काहींना टोसिलिझुमॅब, म्हणजे आयएल-६ चा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे जोडलं जातं ती जागा) अडवणारं औषध दिलं. ज्यांना नुसती सलाइन दिली त्यांची पोटातली चरबी कमी झाली, औषधवाल्यांनी तेवढीच सायकल मारूनही त्यांची झाली नाही.