मुली कुठे कमी? नंदुरबारात नव्हे, जळगावात

‘शिक्षण नाही, आदिवासी भाग, म्हणून तिकडे मुली मारतात,’ हे वाक्य मी खान्देशात लहानपणापासून ऐकतोय. ते साफ चुकीचं आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे नंदुरबारात 944 मुली होत्या, जळगावात 842. निसर्गतः जन्मताना हा आकडा साधारण 950 असतो. नंदुरबारात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी, साक्षरता जळगावपेक्षा बरीच कमी. तरी मुली तिथे टिकल्या.

मुली कमी होण्याचं कारण गरिबी नाही. सोनोग्राफीला पैसा लागतो, आणि दवाखानाही जवळ लागतो. जळगावच्या केळी-कापसाच्या पट्ट्यात दोन्ही होतं. वर हुंडा, वाटणीची जमीन आणि ‘दोनच मुलं, त्यात एक पोरगा हवाच’ हा हट्ट. नंदुरबारातल्या आदिवासी भिल्ल समाजात उलट नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. गर्भलिंग तपासणीविरुद्ध 1994 चा केंद्रीय कायदा आहे, पण तपासण्या चोरून चालूच राहिल्या.

आता गावात या. पक्कं घर, ठिबकवरची केळी, दारात ट्रॅक्टर. तिशी ओलांडलेला पोरगा बिनलग्नाचा, आणि आई प्रत्येक पाहुण्याला विचारते, ‘कुठे पोरगी आहे का हो?’