सिलेखान्यातून आलेली मार्टिनी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका स्नेह्यानं मध्यंतरी जुन्या रायफलीचे फोटो पाठवले. इंग्रज फौजेची मार्टिनी म्हणून विकायला होती. घ्यावी का, एवढाच प्रश्न. नळीच्या मुळाशी देवनागरीत काही अक्षरं कोरलेली आणि त्यांच्या पुढे आकडा, १९४८. "१९४८ सालची मार्टिनी? गंडवतोय ना हा मला?" शंका रास्त होती, कारण तोवर इंग्रज फौजेतून ही रायफल केव्हाच हद्दपार झाली होती. पण तो आकडा इसवी सनाचा नव्हताच, विक्रम संवताचा होता. ५७ वजा केले की १८९१ येतं. पंचांग बघून शकात ७८ मिळवणाऱ्या माणसाला हे सुचायला हरकत नव्हती, पण परदेशी दुकानदाराच्या फोटोत आपलीच लिपी दिसली की डोकं जरा थबकतं.

जुनी लष्करी रायफल घेताना शिक्के बघा, सन बघा, नळीत उजेड टाकून बघा, असं जाणकार सांगतात. यातली एकेक गोष्ट बघायची वेळ का आली, हे पाहू लागलं की आपण थेट १८५७ च्या आसपास जाऊन पोचतो.

ज्या काडतुसावरून रान पेटलं ते १८५३ च्या एन्फील्डचं. ठासणीचीच बंदूक, पण नळीला आतून पीळ दिलेले तीन चरे. गोळी फिरत जायची, म्हणून लांबवर नेम लागायचा. नळीचा व्यास ०.५७७ इंच. चरबी लावलेलं कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर इंग्रजांनी काय केलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. देशी शिपायांच्या हातात चऱ्यांची रायफल तूर्त पुन्हा द्यायचीच नाही, असं ठरलं. दिसायला तीच एन्फील्ड, पण आतले चरे तासून नळी गुळगुळीत केलेली, आणि अंतराप्रमाणे वर-खाली करायच्या मागच्या मापपट्टीच्या जागी एक ठरीव खाच. अशा बंदुका १८५८ आणि १८५९ च्या नमुन्यांच्या नावानं देशी पलटणींना मिळाल्या. पहिल्या नमुन्यात तासलेल्या नळीची भिंत पातळ राहिली, म्हणून दुसऱ्यात जाड नळी घ्यावी लागली.

आज कोणी "अठराशे त्रेपन्नची एन्फील्ड" म्हणून बंदूक पुढे करतो तेव्हा नळीत बॅटरीचा उजेड टाकायचा तो यासाठी. चरे दिसत नसले तर ते झिजून गेले असं दुकानदार सांगेल. झिजलेल्या नळीत चरे बुजत जातात, कडा बोथट होतात, गंजाचे खड्डे पडतात. भिंत सगळीकडे सारखी गुळगुळीत आणि व्यास ०.६५ इंचाच्या पुढे असेल, तर ती झीज नव्हे, सरकारी धोरण आहे. माझ्या मते संग्राहकानं अशी बंदूक नाक मुरडून परत करू नये, उलट हीच शोधावी. फक्त पैसे त्रेपन्नच्या रायफलीचे मोजू नयेत.

याच एन्फील्डचा आणखी एक घोळ आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ती लाखांनी विकत घेतली, आणि त्यातल्या बहुतेक बर्मिंगहॅम-लंडनच्या खासगी कारखानदारांनी बनवलेल्या. चापाच्या वरच्या पट्टीवर मुकुटाचं चिन्ह आणि "टॉवर" हा शब्द सरकारी आणि खासगी अशा दोन्हींवर असतो. सरकारी बंदुकीवर मात्र मुकुटाखाली व्ही. आर. ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरं हवीत. व्यापारी मालावर नुसता मुकुट. नंतर कोणी हौसेनं ती अक्षरं ठोकलेली असतील तर तीही ओळखू येतात. जुना शिक्का धातूबरोबरच झिजलेला असतो, नवा शिक्का झिजलेल्या धातूवर टवटवीत दिसतो.

पुढची पायरी स्नायडरची. फिलाडेल्फियाच्या जेकब स्नायडरनं ठासणीच्या एन्फील्डचा मागचा भाग कापून तिथे बाजूला उघडणारं झाकण बसवलं, आणि १८६६ मध्ये इंग्रज फौजेनं ते स्वीकारलं. जुन्या नळ्या, जुने दस्ते वापरात राहिले, खर्च वाचला. त्यामुळे स्नायडरच्या पट्टीवरचं साल आणि झाकणाचा नमुना यांचा मेळ बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पट्टी १८५९ ची आणि झाकण पुढचं, हेच बरोबर. मेळ तंतोतंत बसला तर मात्र ती सुरुवातीपासून स्नायडर म्हणूनच घडवलेली आहे का, हे विचारावं.

१८७१ मध्ये गोऱ्या पलटणींसाठी मार्टिनी-हेन्री मंजूर झाली. खाली एक लोखंडी कडी, ती ओढली की ठोकळा खाली जातो, काडतूस सरकवायचं, कडी वर घेतली की बार तयार. फ्रीड्रिश फॉन मार्टिनीची यंत्रणा, एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची सात चऱ्यांची नळी. देशी पलटणींच्या हातात मात्र स्नायडरच राहिली. नेहमी एक पिढी मागे, हा सत्तावन्नचा धडा. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला हे उघड दिसलं. ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई फौजेच्या पलटणींकडे स्नायडर. त्या लढाईत इंग्रजांची फौज मोडली. मोडण्याची कारणं वेगळी आणि बरीच आहेत, सगळं बंदुकीच्या माथी मारता येणार नाही. पण एकाच रांगेत दोन जातींच्या बंदुका का होत्या, त्याचं उत्तर वर आलं आहे.

मार्टिनीची किंमत चढते ती मैवंदमुळे नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धामुळे. जानेवारी १८७९ मधल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईचं नाव घेतलं की विक्रेते आकडा फुगवतात. अशा वेळी यंत्रणेच्या उजव्या बाजूचा मजकूर वाचावा. वर मुकुट, खाली व्ही. आर., मग एन्फील्ड किंवा बीएसए असं कारखान्याचं नाव, साल, आणि रोमन आकड्यात नमुना. साल १८८४ असेल तर ती रायफल झुलूंच्या मुलखात नव्हती, मालक काहीही शपथा घेवो. जवळच बाणाचं टोक दिसतं, ती सरकारी मालाची खूण. त्या बाणाखाली इंग्रजी आय हे अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. आणि दोन बाण टोकाला टोक लावून उभे असले तर रायफल सरकारनं रीतसर नोकरीतून काढून विकलेली आहे. ही जोडी बघताना चांदणीसारखी दिसते आणि नवखा माणूस तिला नक्षी समजतो.

बनावटीचा प्रांत खैबरच्या आसपासचा. दर्रा आदम खेलला कानस, हातोडा आणि भाता यांवर इंग्रजी रायफलींच्या नकला घडवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे. हात कमालीचा, पण कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे. तो अक्षर वाचत नसे, बघत असे. म्हणून एन उलटा पडतो, एन्फील्डमधलं एखादं अक्षर गळतं, मुकुट एखाद्या वांग्याच्या देठासारखा दिसतो. आणि राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली तरी व्ही. आर. खाली १९०७ साल येतं. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी तिथल्या बाजारातून असल्या मार्टिनी आठवण म्हणून घरी नेल्या, त्यामुळे आज त्या लिलावांतून सतत फिरताना दिसतात. त्यांना खोट्या म्हणणं मला पटत नाही. सरहद्दीवर खऱ्याखुऱ्या वापरासाठी घडवलेली बंदूक ही स्वतःची ओळख असलेली वस्तू आहे. खोटं असतं ते "एन्फील्ड कारखाना" असं सांगून घेतलेले पैसे.

नेपाळची गोष्ट याहून गंमतीची. सत्तावन्नमध्ये जंगबहादुर राणानं इंग्रजांना फौजेची मदत केली. पेशव्यांचे नानासाहेब शेवटी नेपाळच्याच तराईत गेले, हा आपला दुखरा धागा. पण मागून भरायच्या नव्या रायफली द्यायची वेळ आली तेव्हा इंग्रजांनी या दोस्ताच्या बाबतीतही हात आखडता घेतला. मग राणांनी घरीच कारखाने उभे केले. पंतप्रधान वीर शमशेर यांचा मुलगा गहेंद्र शमशेर यंत्रांत रमणारा. त्याच्या नावाची गहेंद्री रायफल बाहेरून हुबेहूब मार्टिनी. आत मात्र वेगळाच खेळ. इंग्रजी मार्टिनीत गुंडाळीची कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, गहेंद्रीत चपटी, आणि सगळे भाग हातानं कानसून जुळवलेले. एका रायफलीचा ठोकळा दुसरीत बसेलच असं नाही. दोन मोडक्या बंदुकांतून एक चांगली करू, हा जुगाड इथे चालत नाही.

निवृत्त झालेलं कुठलंही हत्यार राणांनी मोडीत काढलं नाही. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात ते रचून ठेवलं. सिलेखाना म्हणजे आपला शिलेखाना, हत्यारांचं कोठार. शब्दही तोच. २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी तो साठा उचलला आणि हजारो एन्फील्ड, स्नायडर, मार्टिनी, गहेंद्री जहाजानं अमेरिकेला गेल्या. शंभर वर्षांचं वंगण आणि धूळ यांचा काळा थर तसाच अंगावर घेऊन. त्याआधी साधी मार्टिनीही संग्राहकाला जपून शोधावी लागे. बाजारात अचानक एवढा माल आल्यावर नेपाळी शिक्का असलेली आणि नसलेली यांच्या भावात फरक पडला. तो शिक्का मात्र एकटा काही सिद्ध करत नाही. नेपाळकडे गेलेल्या अस्सल इंग्रजी मार्टिनींवरही देवनागरी आकडे आहेत. त्या इंग्रजी की घरच्या, हे उजव्या बाजूचा मजकूरच सांगतो.

अमेरिकेत १८९८ पर्यंत घडलेली बंदूक कायद्यानं पुराणवस्तू, म्हणून तिथे साल हाच मुख्य प्रश्न. इंग्लंडमध्ये काडतूस आज कुठे मिळत नाही ना, हेही बघतात. आपल्याकडे व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्यानं लोकांच्या घरातली हत्यारं परवान्याखाली आणली. जुन्या वाड्यांत तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुका भिंतीवर दिसतात आणि मार्टिनी जवळजवळ दिसत नाही, त्यामागे हे एक कारण. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं ४५ वं कलम जुन्या बंदुकीला सूट देतं, पण केव्हा? दुरुस्त करूनही ती कधी चालणार नसेल तेव्हाच. नुसती जुनी आहे एवढ्यानं भागत नाही. आजोबांच्या चालू ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. शिवाय शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशी नेता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात पितळ लखलखीत केलेल्या बंदुका मिळतात त्यांना हे प्रश्न पडत नाहीत, कारण बहुतेक शोभेच्या असतात.

पॉलिशबद्दल एक सांगायलाच हवं. यंत्राच्या चाकावर घासलेल्या बंदुकीचा पोत तर जातोच, वर अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि मग अक्षर उलटं होतं की झिजलं, हे सांगणारा पुरावाच उरत नाही. काळपट, डागाळलेली, न पुसलेली रायफल जास्त मोलाची ती यामुळे.

आणि कुठलीही ठासणीची बंदूक हातात आली की आधी गज तोंडातून नळीत सोडावा, तोंडाशी बोटानं खूण करावी, गज बाहेर काढून नळीच्या बाजूला ठेवून बघावा. टोक मुळापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. बहुधा कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वी ठासून विसरलेला बार. काळी दारू कोरडी राहिली असेल तर ती अजून पेटते.

स्नेह्याला मी उजव्या बाजूचा फोटो मागवायला सांगितला, फ्लॅश न मारता, तिरप्या उजेडात. तो आला. मुकुट नाही, व्ही. आर. नाही, कानशीच्या बारीक रेघा मात्र स्पष्ट. गहेंद्री होती. दुकानदार भाव इंग्रजी मार्टिनीचा सांगत होता, वर झुलू युद्धाची पुस्ती. संवताचा हिशेब स्नेह्यानं त्याला कळवला आहे, घासाघीस अजून चालू आहे.