घटस्फोटानंतरचा आरोग्यविमा : मायग्रेशन की पोर्टेबिलिटी?

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला, की पतीच्या आरोग्यविम्यात ‘जोडीदार’ म्हणून राहण्याचा पत्नीचा आधार संपतो. मात्र त्या पॉलिसीत तिने सलग काढलेली वर्षे वाया जात नाहीत. ती पुढच्या पॉलिसीत नेण्याचे मार्ग दोन आहेत. मायग्रेशन म्हणजे त्याच विमा कंपनीची दुसरी पॉलिसी घेणे, तर २०११ पासून लागू झालेली पोर्टेबिलिटी म्हणजे विमा कंपनीच बदलणे. बोलताना दोन्हींना सरसकट ‘पोर्ट करणे’ म्हटले जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पतीच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल, तर आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन करायचे आणि कंपनी बदलायचीच असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला पोर्टिंग, असा रूढ क्रम आहे. घरगुती फ्लोटर (सर्व कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी) असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही वाटा खुल्या असतात.

सोबत काय येते, याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. समजा, मधुमेह असलेली एक स्त्री ५ लाखांच्या फ्लोटरमध्ये सलग २ वर्षे होती. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबण्याचा काळ, २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. तेवढाच काळ असलेली १० लाखांची नवी पॉलिसी तिने घेतली, तर जुन्या ५ लाखांपुरते तिला एकच वर्ष थांबावे लागते. वाढीव ५ लाखांसाठी मात्र पूर्ण ३ वर्षे.

खरा फरक होकाराचा आहे. पोर्टिंगमध्ये नवी कंपनी प्रकृतीची नव्याने छाननी करते आणि नकारही देऊ शकते, म्हणून तिचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुने संरक्षण सोडणे, माझ्या मते, निव्वळ धाडस आहे. आजार असलेल्या व्यक्तीने आधी मायग्रेशनचीच चौकशी करावी.

एक अडचण कागदांची असते. पॉलिसी पतीच्या नावावर असल्याने नूतनीकरणाचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर जातो, आणि वार्षिक हप्ता भरण्यासाठीची ३० दिवसांची वाढीव मुदत उलटली, की सलगता तुटते. त्यामुळे सर्व वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती खटला चालू असतानाच मिळवाव्यात. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अटींत ‘प्रीमियम पती भरील’ असे लिहून घेणे ठीकच, पण पैसे कोण भरतो यावरून पॉलिसीतले नाते ठरत नाही; नव्या पॉलिसीवर नाव आणि मोबाइल क्रमांक तिचाच हवा.