ड्युटी बदलतानाची पाच मिनिटे

रुग्णालयात ड्युटी बदलण्याची वेळ बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. जाणारा डॉक्टर येणाऱ्या डॉक्टरला आपल्याकडच्या सगळ्या रुग्णांची माहिती सांगतो; आपल्याकडच्या वॉर्डांत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. ज्याने दिवसभर रुग्णाला पाहिले, त्याच्या मनातले त्या रुग्णाचे चित्र थोड्या वेळात दुसऱ्याच्या मनात उतरायचे असते आणि नेमके इथेच काहीतरी गळते: एखाद्या औषधाची ॲलर्जी, रात्री यायचा असलेला रक्ताचा अहवाल, आईने बोलून दाखवलेली शंका. ही गळती शिकवून कमी करता येते का, हे मोजून पाहण्याचे काम बॉस्टनच्या बालरुग्णालयातील ॲमी स्टार्मर, ख्रिस्तोफर लँड्रिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

या कामाला एक आधीचा धागा आहे. लँड्रिगन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागात सलग 24 तास किंवा त्याहून जास्त काम करणारे शिकाऊ डॉक्टर कमी तासांच्या वेळापत्रकातील डॉक्टरांपेक्षा सुमारे 36 टक्के अधिक गंभीर चुका करतात, असे आढळले होते. पुढे 2011 मध्ये अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी 16 तासांवर आणली गेली (ही मर्यादा 2017 मध्ये पुन्हा सैल झाली). थकवा कमी करणे योग्यच होते. पण ड्युटी आखूड झाली की ती बदलण्याच्या वेळा वाढतात, म्हणजे माहिती गळण्याच्या जागाही वाढतात. तरीही माहिती कशी सोपवावी, हे बहुतेक ठिकाणी कोणी पद्धतशीरपणे शिकवत नव्हते. वरिष्ठांचे पाहून जो तो आपापल्या परीने ते उचलत असे.

या गटाने ‘आय-पास’ नावाची पाच टप्प्यांची पद्धत बांधली. आधी रुग्ण किती गंभीर आहे ते सांगायचे, मग त्याची थोडक्यात हकीकत, मग करायची कामे आणि ती कोणी, केव्हा करायची ते. चौथा टप्पा पुढे काय बिघडू शकते याचा असतो. समजा, दम्याचे मूल आहे. तर ‘रात्री लक्ष ठेवा’ एवढे पुरत नाही, श्वासाचा वेग अमुक इतका वाढला तर काय करायचे आणि कोणाला बोलवायचे, हेही सांगावे लागते. पाचवा टप्पा ऐकणाऱ्याचा. त्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत मांडायचे आणि अडेल तिथे विचारायचे. मला या सगळ्यात हाच टप्पा मोलाचा वाटतो, कारण सांगणाऱ्याला ‘मी सांगितले’ याचे समाधान असते. समोरच्याला काय कळले, हे मात्र तो बोलल्याशिवाय उमगत नाही.

नुसता तक्ता भिंतीवर लावून हे साधणार नव्हते. निवासी डॉक्टरांसाठी दोन तासांची कार्यशाळा झाली, प्रसंग उभे करून एक तासाचा सराव घेतला गेला आणि प्रशिक्षित वरिष्ठांनी प्रत्यक्ष ड्युटी बदलताना बाजूला थांबून त्यांचे निरीक्षण केले व सुधारणा सुचवल्या. अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत, 10,740 रुग्णांच्या नोंदी तपासून केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. दर 100 रुग्णांमागे 24.5 असणाऱ्या वैद्यकीय चुका 18.8 वर आल्या. टाळता येण्याजोगी इजा 4.7 वरून 3.3 वर, म्हणजे 30 टक्क्यांनी उतरली. एका रुग्णाची माहिती द्यायला पूर्वी सरासरी 2.4 मिनिटे लागत, नंतर 2.5. वेळ नाही, हे कारण त्यामुळे उरत नाही.

इथे सावधपणे वाचायला हवे. ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची होती, त्यामुळे त्याच सुमारास झालेल्या इतर सुधारणांचाही त्यात वाटा असू शकतो. नऊपैकी सहाच रुग्णालयांत चुकांमधली घट स्पष्ट दिसली. मात्र कोणाचीही चूक नसताना होणाऱ्या, टाळता न येणाऱ्या इजांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले. रुग्णच कमी गंभीर येऊ लागले असते, तर तेही उतरले असते. म्हणून बदल शिकवण्यामुळे झाला, हे म्हणणे मला पटते.

याच गटातील अलिसा खान आणि सहकाऱ्यांनी पुढे ही पद्धत डॉक्टरांच्या घोळक्यातून रुग्णाच्या खाटेपाशी नेली. सकाळच्या राउंडला पालक आणि परिचारिका यांना सामील करून घ्यायचे, बोलणे साध्या भाषेत ठेवायचे आणि आज काय ठरले ते पालकांनी आपल्या शब्दांत सांगायचे. उत्तर अमेरिकेतील सात रुग्णालयांत केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चुकांची एकूण संख्या फारशी बदलली नाही, पण रुग्णाला इजा करणाऱ्या चुका सुमारे 38 टक्क्यांनी घटल्या. ऐकलेले परत मांडण्याचे, निवासी डॉक्टरांना शिकवलेले काम आता खाटेशेजारी बसलेली आई करत होती.